पाच ते साडेसात

गावाकडच्या हायस्कूलची शेवटची घंटा पाचच्या सुमारास होते. तिथून रात्रीच्या जेवणापर्यंतचे अडीच-तीन तास कुणाच्याच हिशेबात नसतात. सहा वर्षांखालच्या लेकरांसाठी अंगणवाडी आहे. प्राथमिक शाळेतलं मूल ओट्यावर खेळतं आणि आजीच्या नजरेत राहतं. अठरा ओलांडलेल्याला कॉलेज आहे, काम आहे, नाहीतर भरतीची तयारी आहे. राहिली ती मधली, बारा ते सतराच्या वयाची पोरं. त्यांच्याविषयी गावाला साधारण दोनच गोष्टी ठाऊक असतात : दहावीचा निकाल आणि त्यांच्याबद्दलच्या तक्रारी. दिवसभर गणिताचे सर, भूगोलाच्या मॅडम, पीटीचे सर असे सगळे त्यांच्या मागे असतात. पाच वाजले की एकही मोठा माणूस त्यांच्या वाटणीला उरत नाही.

या लेखासाठी मी दुसरबीड डोळ्यांसमोर ठेवलं आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेड राजा तालुक्यातलं हे रस्त्यावरचं, बाजारपेठेचं गाव. एका अंगाला जिजाऊंचं जन्मस्थान, दुसऱ्या अंगाला लोणारचं सरोवर. जिजामाता सहकारी साखर कारखाना इथलाच; तो बंद पडून बराच काळ लोटला. समृद्धी महामार्गावर या गावाच्या नावाचा टोलनाका आहे. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला आणि ५ जून २०२५ ला उरलेला रस्ता खुला होऊन ७०१ किलोमीटरचा महामार्ग पुरा झाला. नागपूर जवळ आलं, मुंबई जवळ आली. नववीतल्या मुलीची संध्याकाळ मात्र अजूनही एसटीच्या वेळापत्रकावरच ठरते.

आणि हे वेळापत्रक फार महत्त्वाचं आहे. शाळेनंतरच्या उपक्रमांविषयी बोलताना शहरातली माणसं साहित्यापासून सुरुवात करतात : कॅरम किती, संगणक किती, खोली केवढी. खेड्यात सुरुवात घड्याळापासून करावी लागते. मोठ्या गावच्या हायस्कुलात निम्मी मुलं आजूबाजूच्या लहान गावांतून आलेली असतात. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातल्या १२५ मागास तालुक्यांत मुलींसाठी एसटीच्या निळ्या गाड्या सुरू झाल्या; बारावीपर्यंत मोफत. या गाड्यांमुळे किती मुलींची शाळा टिकली, हे गावातल्या कोणत्याही बाईला विचारावं. पण तीच गाडी शाळा सुटल्यावर उभी असते. ती चुकली तर घरी बोलणी बसतात, आणि चार वेळा चुकली तर शाळाच बंद होते. अशा मुलीसाठी तुम्ही साडेपाचला कितीही सुंदर कार्यक्रम ठेवा, ती येणार नाही. तिला इच्छा नाही असं मग आपण परस्पर ठरवून टाकतो.

तेव्हा पहिलं काम म्हणजे वही घेऊन बसणं आणि कोणतं मूल कुठून येतं, कसं जातं, घरी गेल्यावर काय करतं ते लिहून काढणं. गावातच राहणारी मुलं, गाडीची मुलं, सायकलची मुलं. घरी जाऊन म्हशीचं पाहणारी, धाकट्या भावंडांना सांभाळणारी, वडिलांच्या टपरीवर बसणारी. हे लिहून झालं की सगळ्यांसाठी एकच कार्यक्रम चालणार नाही हे आपोआप कळतं. गावातल्या मुलांना पाच ते साडेसात. गाडीच्या मुलींना शनिवार, कारण शनिवारची शाळा सकाळची असते. दुपारच्या गाडीपर्यंत त्यांच्या हातात थोडा वेळ असतो, तो नसेल तर मधल्या सुट्टीतली वीस मिनिटं. आणि लहान गावांत तिथल्या तिथे, समाजमंदिरात किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या ओसरीवर चालणारा एखादा गट, म्हणजे गाडीतून उतरलेल्या पोरींनाही आपलं असं काही राहील.

आता या वेळेत सध्या काय चालतं ते पाहू. शिकवणी आहे; दहावीच्या वर्षी ती जवळपास सक्तीचीच झाली आहे. मोबाइल आहे. कट्टा आहे, तो फक्त मुलांचा. आणि एक गोष्ट आहे जिच्याकडे शिक्षणाचा विचार करणाऱ्यांनी नीट पाहिलेलं नाही : भरतीसाठी पळणारी पोरं. पहाटे आणि संध्याकाळी विदर्भ-मराठवाड्यातल्या कोणत्याही रस्त्यावर ती दिसतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक; हे आकडे गावातल्या शेंबड्या पोरालाही तोंडपाठ. या मुलांची हजेरी कुणी घेत नाही, त्यांना खिचडी मिळत नाही, प्रमाणपत्र मिळत नाही. तरी ती रोज येतात.

का येतात? एक तर मिळवायचं काय ते ठाऊक आहे. दुसरं, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आज पाच मिनिटं चाळीस सेकंद दाखवतं आणि पंधरा दिवसांनी पाच-पंचवीस दाखवतं; आपण पुढे सरकतो आहोत हे डोळ्यांना दिसतं. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण असं, की त्यांच्यात आदल्या साली निवडला गेलेला किंवा दोन गुणांनी हुकलेला एखादा दादा असतो. तो श्वास कसा घ्यायचा, बूट कोणता घ्यायचा, शेवटच्या फेरीत जोर कधी लावायचा हे सांगतो. चौथं म्हणजे मित्र. एकटा पळणारा आठवड्यात गळतो, सहाजण असले की टिकतात. कार्यक्रम आखणाऱ्याला याहून जास्त काय शिकायचं आहे! उणीव एवढीच की ही वाट अठराव्या वर्षाच्या अलीकडच्यांना फारशी खुली नाही, मुली कमी आहेत, आणि एका अरुंद दारासाठी सगळ्यांचं पळणं चाललेलं आहे. तेरा-चौदा वर्षांची पोरं मैदानाच्या कडेला बसून बघत असतात. त्यांना बोलावणारं कुणी नाही.

बुलढाणा शहरात तिरंदाजीच्या मैदानावर हे बोलावणं झालं. प्रथमेश जवकार हा तिथला मुलगा. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत कंपाउंड प्रकाराच्या अंतिम फेरीत त्याने नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला १४९-१४८ असं एका गुणाने हरवलं. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत अभिषेक वर्मा आणि नागपूरचा ओजस देवतळे यांच्यासोबत सांघिक सुवर्णपदक घेतलं. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बर्लिनला साताऱ्याची सतरा वर्षांची आदिती स्वामी जगज्जेती झाली. साताऱ्यात प्रवीण सावंत आणि बुलढाण्यात चंद्रकांत इलग या प्रशिक्षकांची नावं या मुलांबरोबर घेतली जातात. मी पदकांसाठी हे सांगत नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव मुलांना पदक मिळणार नाही. ही गावं क्रीडा संकुलांसाठी प्रसिद्ध नव्हती. तिथे काय होतं, तर मैदानाचा एक तुकडा आणि वर्षानुवर्षं त्याच वेळी तिथे येणारा एक माणूस.

दुसऱ्या बाजूने गावांनी बंदीचा मार्गही धरून पाहिला. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावच्या ग्रामसभेने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. त्याआधी, त्याच वर्षी, सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी युक्ती काढली. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने रोज संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनीही पडद्यापुढून उठायचं. या बातमीने देशभर कौतुक मिळवलं. मला या दोन्हींतला भोंगा जास्त पटतो. बंदी फक्त मुलांवर होती; भोंगा सगळ्या घरावर होता. बाप मोबाइलवर रील बघत बसलेला आणि पोराला ‘पुस्तक घे’ म्हणतो, हे पोरांना फार लवकर कळतं.

पण शांतता मिळाली म्हणजे संध्याकाळ भरली असं होत नाही. आइसलँडचं उदाहरण या बाबतीत जगभर दिलं जातं. तिथे १९९८ मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं महिन्याभरात कधीतरी दारू पिऊन झिंगलेली होती. २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. त्यांनीही मुलांनी रात्री उशिरा बाहेर फिरण्यावर मर्यादा घातली, पालकांकडून लेखी कबुली घेतली. पण त्याच वेळी क्लब, मैदानं, संगीताचे वर्ग आणि शिकलेले प्रशिक्षक यांवर सरकारी पैसा लावला, आणि रेक्याविकमध्ये प्रत्येक मुलामागे घराला वर्षाकाठी ठरावीक रकमेचं छंदकार्ड दिलं, म्हणजे गरिबाच्या पोरालाही व्हायोलिन नाहीतर फुटबॉल निवडता यावा. एक दार लावलं तेव्हा दुसरं उघडून ठेवलं. आपल्याकडे दार लावण्याचा ठराव एका बैठकीत होतो, उघडण्याचा होत नाही.

महाराष्ट्राला हे नवं नाही. ४ जून १९४१ ला राष्ट्र सेवा दलाची पुनर्बांधणी झाली, एस. एम. जोशी दलप्रमुख झाले आणि गावोगावच्या मैदानांवर संध्याकाळच्या शाखा भरू लागल्या. खेळ, कवायत, गाणी, गोष्टी, आणि बौद्धिक. याच दलाच्या कलापथकातून निळू फुले आणि राम नगरकर पुढे आले. पुण्यात आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये सुरू केलेल्या ज्ञानप्रबोधिनीच्या दलांवर आजही संध्याकाळी मुलं जमतात. आमच्या विदर्भात अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाने सांजेच्या सामुदायिक प्रार्थनेला आणि खंजिरीला गावाच्या मध्यावर जागा दिली. या प्रत्येकाची विचारसरणी निराळी, पण संध्याकाळ कुणाची तरी आहे हे सगळ्यांनी ओळखलं होतं. आणि आणखी एक गोष्ट सगळ्यांत होती जी आजच्या उपक्रमांत हरवते : पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात खरोखरचा अधिकार. शाखा चालवायची तर मोठ्याने दूर बसायचं. शिट्टी नायकाच्या गळ्यात. दहा वर्षांच्या पोरांना रांगेत उभं करताना, रडणाऱ्याला समजावताना, खेळ फसला तर जागीच दुसरा सुचवताना तो नायक जे शिकतो ते व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात शिकवता येत नाही.

अमेरिकेत जोसेफ डर्लाक, रॉजर वायसबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शाळेनंतरच्या कार्यक्रमांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासून २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. ज्या कार्यक्रमांत पायरी पायरीने शिकवलं जातं, मुलांना हाताने करायला मिळतं, त्यासाठी ठरावीक वेळ राखलेला असतो आणि काय शिकायचं ते स्पष्ट असतं, त्यांचा उपयोग दिसला. जिथे या चार गोष्टी नव्हत्या, तिथे मुलं नुसती बसून राहिली तेवढाच फायदा. भरतीच्या पोरांकडे परत पाहिलं तर या चारही गोष्टी तिथे सापडतात, कुणी प्रबंध न वाचता.

हाताने करण्याच्या बाबतीत आपल्याकडचा सर्वांत भक्कम प्रयोग पाबळचा. डॉ. श्रीनाथ कलबाग इलिनॉय विद्यापीठातून पीएच.डी. करून आलेले शास्त्रज्ञ, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात मोठ्या पदावर. ते सोडून १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, पाबळच्या माळावर त्यांनी विज्ञान आश्रम थाटला. त्यांचा अभ्यासक्रम चार भागांचा : अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हे शिकतात. माध्यमिक बोर्डाने त्याला विषय म्हणून मान्यता दिली आणि तो राज्यातल्या अनेक शाळांत पोचला. कलबाग २००३ मध्ये गेले, काम चालू आहे. याचं मर्म असं, की मुलं जे करतात ते गावाला हवं असलेलं काम असतं आणि त्याचे पैसे मोजले जातात. वेल्डिंग शिकायचं म्हणून लोखंडाचे तुकडे जोडायचे आणि फेकायचे, असं नाही. कुणाची तरी खाट किंवा शाळेचं फाटक दुरुस्त करायचं. खर्च किती, मजुरी किती, नफा किती हे वहीत. रक्तगट तपासायला शिकायचं तर काचपट्टीवर रक्ताचे तीन थेंब, त्यांवर अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी द्रावण, आणि कोणत्या थेंबात गुठळ्या होतात ते पाहायचं. शिक्षकाच्या देखरेखीखाली, दर वेळी नवी सुई. मग ती यादी गावाच्या उपयोगी पडते. नववीतल्या मुलीने मोठ्या माणसाला त्याचा रक्तगट सांगितला की त्या माणसाची तिच्याकडे पाहण्याची तऱ्हा बदलते, तिची स्वतःकडे पाहण्याचीही.

हे दुसरबीडच्या मातीत कसं दिसेल? इथलं पीक सोयाबीन. पेरणीच्या आधी घरच्या बियाण्याची उगवण तपासा, असं कृषी विभाग दर वर्षी सांगतो. बहुतेक घरांत ते होत नाही. मग दुबार पेरणी, मग कर्ज. ही तपासणी तेरा वर्षांचं मूल करू शकतं. पोत्यातून वरचं-मधलं-खालचं असं मिसळून मूठभर बी घ्यायचं. त्यातले शंभर दाणे, न निवडता. निवडले की तपासणी खोटी, आणि हे समजावून सांगायला नमुना म्हणजे काय हा अख्खा धडा लागतो. गोणपाट भिजवून पिळायचं, त्यावर बोटाच्या पेराएवढं अंतर ठेवून दहा-दहाच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरं ओलं गोणपाट, सैल गुंडाळी, सावलीत ठेवायची. रोज पाणी शिंपडायचं. भिजून चिखल नाही, कोरडं पडून कडक नाही. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उलगडायची आणि निरोगी मोड आलेले मोजायचे. सत्तर किंवा अधिक आले तर शिफारशीप्रमाणे पेरा, कमी आले तर एकरी बियाणं वाढवा, फारच कमी तर ते बियाणं पेरूच नका. घरोघरच्या गुंडाळ्या एका ओसरीवर ओळीने ठेवल्या, प्रत्येकीला शेतकऱ्याच्या नावाची चिठ्ठी लावली आणि निकाल फळ्यावर लिहिले, की गाव वाचायला थांबणार. अठ्ठावन्न उगवले तर एकराला तीस किलोऐवजी किती लागेल? हा भागाकार कुणी शिकवणीत घातला असता तर पोरगं जांभई देतं. इथे चुकलं तर काकाचं शेत बुडतं.

असर संस्थेने २०२३ मध्ये देशातल्या २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या सुमारे पस्तीस हजार मुलांना तपासलं. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जमलं ते ४३.३ टक्के मुलांना. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या मुलांना आपल्याच भाषेतला दुसरीचा मजकूर सरळ वाचता आला नाही. आणि घरात स्मार्टफोन जवळपास नव्वद टक्क्यांच्या. ज्यांना तो वापरता येतो त्यांच्यात स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, मुली १९.८ टक्के. संध्याकाळी आणखी एक वर्ग भरवून हा भागाकार येईल असं मला वाटत नाही. सात वर्षं फळ्यावर जो आला नाही, तो आठव्या वर्षी त्याच फळ्यावर कसा येणार? म्हणून या वेळेत शिकवणी घुसू देऊ नये, पालकांनी कितीही आग्रह धरला तरी. दहावीचे गुण हवेत म्हणून कार्यक्रम सुरू केला की पहिल्याच महिन्यात तो हुशार मुलांचा होतो आणि ज्यांना खरी गरज आहे ती कट्ट्यावर परततात.

मघाच्या बियाण्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या शेवटी उघडतात. उगवण तपासायची वेळ त्याआधीची, म्हणजे ऐन सुट्टीतली. उपक्रम शाळेच्या वेळापत्रकाला बांधला तर नेमकं गावाला हवं तेव्हा तो बंद असणार. उलट ऑक्टोबरमध्ये सोंगणीला घरातलं प्रत्येक माणूस लागतं. तेव्हा आठ-पंधरा दिवस सरळ बंद ठेवावा, मुलं आली नाहीत म्हणून रजिस्टरवर लाल रेघा मारू नयेत. सोंगणी झाली की बाजार. २०२४ च्या हंगामात हमीभावाच्या खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के केली, ही बातमी प्रत्येक घरात चर्चिली गेली. पोरांच्या गटाकडे ओलावा मोजायचं एक यंत्र असेल, तर बाजारात नेण्याआधी बाप त्यांच्याकडे पोतं आणेल. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो. तेव्हा मुलींचा गट घरांजवळ, वेळ लवकर, आणि जाताना जोड्या नाही, घोळका. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली मुलं दिवाळीनंतर दिसेनाशी होतात. जी हंगामी वसतिगृहांत मागे राहतात त्यांना संध्याकाळची सर्वांत जास्त गरज असते, कारण आई-बाप शेकडो कोस दूर असतात.

शेतीतच सगळ्यांना रस असेल असं नाही, नसावाही. जून २०२४ मध्ये सिंदखेड राजात जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात शेषशायी विष्णूची मूर्ती सापडली. दर वर्षी १२ जानेवारीला जिजाऊ जयंतीला तिथे माणसांचा पूर येतो. लोणारचं सरोवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या, बेसॉल्ट खडकात उल्का आदळून झालेल्या विवरातलं. २०२० मध्ये त्याला पाणथळ जागांसाठीचा रामसर दर्जा मिळाला, आणि त्याच वर्षीच्या जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालेलं सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलं. दोन्ही जागा हाकेच्या अंतरावर असून इथल्या किती मुलांना पाहुण्याला अर्धा तास नीट माहिती सांगता येईल? वाटाड्यांचा गट हा दहावी-अकरावीच्या मुलांसाठी उत्तम उद्योग आहे. त्यात वाचन आहे, बोलणं आहे, परक्या माणसाशी डोळ्याला डोळा देणं आहे. मोबाइलही इथे कामाला येतो : म्हाताऱ्यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करा, बंद कारखान्यात काम केलेल्यांना विचारा, नकाशावर जुन्या विहिरी टाका.

काम आणि खेळ यांच्यापलीकडे या वयाला बोलायला जागा लागते. पुण्यात कोथरूडच्या लक्ष्मीनगर वस्तीत पालकनीती परिवाराचं खेळघर १९९६ पासून शुभदा जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलं आहे. तिथे गोल करून बसणं आणि मनातलं सांगणं हा रोजच्या कामाचा भाग आहे. डॉ. अभय बंग यांच्या ‘निर्माण’मधून निघालेल्या ‘कुमार निर्माण’मध्ये गावातला एखादा तरुण किंवा शिक्षक ‘निमंत्रक’ होतो आणि शाळेतल्या मुलामुलींचा गट नियमित भेटतो. आपल्या भोवतालातला प्रश्न निवडून त्यावर काहीतरी करतो. डॉ. राणी बंग यांचं ‘तारुण्यभान’ शरीराविषयी, आकर्षणाविषयी, पाळीविषयी उघडपणे बोलतं. दुसरबीडला हे सगळं जसंच्या तसं आणायची गरज नाही. पण पंधरा वर्षांच्या मुलाला कुणीतरी आवडतं, त्याचा बाप दारू पितो, तिचं लग्न ठरवण्याचं घरात चाललं आहे, या गोष्टी त्याने किंवा तिने ज्याला सांगाव्यात असा एक मोठा माणूस गावात असायलाच हवा. तो नातेवाईक नसावा आणि गुण देणाराही नसावा.

हा माणूस कुठून येणार, इथे सगळे उपक्रम अडतात. शिक्षकांवर हे लादू नये. ते आधीच माहिती भरता भरता थकलेले असतात, त्यांतले कित्येक जण तालुक्याहून ये-जा करतात. माझ्या मते पंचविशीतली, गावातच असलेली, पदवी झालेली दोन माणसं हवीत : एक मुलगा, एक मुलगी. मुलगी हवीच, नाहीतर पोरी येणार नाहीत आणि यायचं म्हणाल्या तरी आया पाठवणार नाहीत. त्यांना मानधन हवं, महिन्याच्या महिन्याला. सेवाभावावर तीन महिने चालतं, मग भरतीची जाहिरात निघते. पैसा अगदीच नाही असंही नाही. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के वाटा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो अनेक ठिकाणी वर्षाअखेरीला घाईघाईने खुर्च्या नाहीतर भांडी घेऊन संपवतात. मानव विकास कार्यक्रमात हायस्कुलांमध्ये अभ्यासिकेची तरतूद होती. कित्येक शाळांत त्याचे टेबल-दिवे अजून असतील, शोधून बाहेर काढावेत.

आणि ठराव मुलांनी मांडावा. ग्रामसभेआधी बालसभा घ्यायची असते. बहुतेक ठिकाणी ती फोटोपुरती होते. ‘आमचं गाव, आमचा विकास’ आराखड्यात त्या सभेतल्या मागण्या घालता येतात. आठवी-नववीच्या पोरांनी आधी महिनाभर वही घेऊन फिरावं, किती मुलं, कुठली, किती वाजता मोकळी, हे मोजावं आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत उभं राहून वाचावं. त्या ठरावात मैदानावरच्या दोन दिव्यांचं वीजबिल कोण भरणार हे असावं. दोन्ही ताईदादांचं मानधन कोणत्या शीर्षाखाली, हे असावं. वर्षात कोणते आठवडे बंद, तेही असावं. शेवटी शाळेच्या फाटकाची किल्ली. आजवर संध्याकाळचे कितीतरी चांगले बेत तिच्यापाशी मोडले आहेत : काही फुटलं, कुणाला लागलं तर जबाबदार मुख्याध्यापक, म्हणून पाच वाजता कुलूप. यात मुख्याध्यापकांची चूक नाही, त्यांच्या मागे कुणी उभं नसतं. शाळा व्यवस्थापन समिती आणि ग्रामपंचायत यांनी लेखी लिहून द्यावं की साडेसातपर्यंतची जबाबदारी आमची, दुरुस्तीचा खर्च आमचा, आणि एक किल्ली ताईकडे, दुसरी दहावीतल्या त्या महिन्याच्या नायकाकडे राहील. किल्ली दिल्या-घेतल्याची सही रोज वहीत होईल.